सर्व्हरवर लिनक्स टाकायला निघालेल्या नव्या पोरापोरींसाठी

लॅपटॉपवर उबंटू टाकता येतं म्हणून सर्व्हरवरही येईल, हे अर्धंच खरं. इन्स्टॉलर तोच, प्रश्न तेच, बटणंही तीच. पण नागपुरात सदर किंवा धंतोलीतल्या एखाद्या छोट्या सर्व्हिस कंपनीत लागलेला फ्रेशर पहिल्यांदा एकटा बुटीबोरीला किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीत जातो, तेव्हा तो लिनक्सच्या खालच्या थरात अडकतो. फर्मवेअर (हार्डवेअरच्या आतच भरलेलं सॉफ्टवेअर), रेड कार्ड (RAID, अनेक डिस्क एकत्र बांधणारं कार्ड), केबल, वीज, नाहीतर खोलीतली गरमी. कॉलेजात यातलं काही शिकवत नाहीत आणि आरएचसीएसए या रेड हॅटच्या परीक्षेतही रेड कार्ड हातात देत नाहीत. म्हणून माझा आग्रह एकच असतो: बिघाड खालून वर शोधत या. डिस्क, कार्ड, फर्मवेअर, ड्रायव्हर आणि मग कॉन्फिगरेशन. बहुतेक जण उलटं करतात, आधी गूगलवर लिनक्सच्या कमांड शोधतात.

साइटवर पोहोचल्यावर पहिलं काम म्हणजे सर्व्हरच्या मागचा वेगळा मॅनेजमेंट पोर्ट शोधणं. मुख्य मशीन बंद असलं तरी वीज जोडलेली असेपर्यंत चालू राहणारा एक छोटा संगणक आत बसवलेला असतो. डेलमध्ये तो आयड्रॅक, एचपीईमध्ये आयलो, बाकी बऱ्याच ठिकाणी नुसतंच आयपीएमआय म्हणतात. जुन्या डेलवर ठरलेलं युजरनेम रूट आणि पासवर्ड कॅल्विन. नंतरच्या मशीनवर पासवर्ड वेगळा असू शकतो आणि तो पुढच्या बाजूला ओढून काढायच्या प्लास्टिकच्या पट्टीवर छापलेला असतो. ती पट्टी बघायचं सोडून लोक ऑफिसला फोन लावतात. पासवर्ड मिळाला की बदला आणि हा पोर्ट कधीही थेट इंटरनेटवर उघडा टाकू नका.

इथे लायसन्सची एक मेख आहे. डेलमध्ये पडदा दुरून बघायचा, आयएसओ (इन्स्टॉलरची फाइल) दुरून जोडायची, तर साधारणपणे आयड्रॅकचं एंटरप्राइझ लायसन्स लागतं. एचपीईच्या साध्या आयलोत मशीन सुरू होईपर्यंत पडदा दिसतो. ऑपरेटिंग सिस्टीम चढायला लागली की कन्सोल लायसन्स मागतो. नवा माणूस समजतो, इन्स्टॉलर लटकला. मशीन बिचारं व्यवस्थित चालू असतं. म्हणून निघण्याआधी कस्टमरकडे कुठलं लायसन्स आहे ते विचारा. नसेल तर व्हीजीए मॉनिटर, कीबोर्ड आणि दोन पेनड्राइव्ह बॅगेत टाका. दोन कशाला, ते पुढे येतंच.

आणखी एक, घाई करू नका. भरपूर रॅम असलेला सर्व्हर सुरू होताना मेमरी तपासत कित्येक मिनिटं काळ्या पडद्यावर बसतो. त्यात कोणी पॉवर बटण दाबून धरलं आणि नेमकं मागे फर्मवेअर अपडेट चालू असलं, की बोर्ड बदलायचीच वेळ.

आता डिस्क. या कामातली सगळ्यात जास्त डोकेफोड इथेच.

इन्स्टॉलर उघडतो, डिस्क निवडायच्या पानावर येतो आणि तिथे काहीच नसतं. समोर डिस्कचे हिरवे दिवे लुकलुकताहेत, मागे कस्टमरचा अकाउंट्सवाला उभा. बुटीबोरीच्या एका कारखान्यात मला ऐकायला मिळालं होतं, "भाऊ, आमच्या पोट्ट्यानं लॅपटॉपवर वीस मिनिटांत टाकलं लिनक्स. तुम्ही दुपारपासून काय करून राहिले?" याला तिथे उत्तर नसतं. हसायचं आणि कामाला लागायचं.

कारणं ठरावीकच असतात. पहिलं म्हणजे रेड कार्डात व्हर्च्युअल डिस्क बनवलेलीच नसते. कार्ड डिस्कना एकत्र बांधून देत नाही तोवर इन्स्टॉलरला दाखवायला त्याच्याकडे काही नसतं. दुसरं, डिस्क दुसऱ्या सर्व्हरमधून आलेल्या असतात आणि त्यांच्यावर जुन्या रेडची खूण शिल्लक असते. कार्ड त्याला फॉरेन कॉन्फिगरेशन म्हणतं आणि विचारतं, इम्पोर्ट करू की क्लिअर? क्लिअर दाबण्याआधी कस्टमरला लेखी विचारा, कारण त्या डिस्कवर कोणाचा तरी जुना टॅलीचा डेटा निघतो. तिसरं, सेकंडहँड बाजारातून घेतलेल्या सॅस डिस्क, म्हणजे सर्व्हरमध्ये लागणाऱ्या. मोठ्या स्टोरेज बॉक्समधून निघालेल्या कित्येक डिस्क 520 बाइटच्या सेक्टरवर (डिस्कवरचा सगळ्यात लहान कप्पा) फॉरमॅट केलेल्या असतात आणि लिनक्सला हवा असतो 512 किंवा 4096 चा. अशी डिस्क दिसली तरी तिचा आकार शून्य येतो. एसजी फॉरमॅट या कमांडनं ती पुन्हा 512 वर आणता येते. त्यात डेटा पुसला जातो आणि मोठ्या डिस्कला तासन्‌तास लागतात.

बुटीबोरीला यातलं काहीच नव्हतं. कार्डाच्या स्वतःच्या मेन्यूत सगळ्या डिस्क ठणठणीत दिसत होत्या. मशीन जुनं, आधी सेंटओएस 7 वर वर्षानुवर्षं चाललेलं. सेंटओएस 7 चा आधार 30 जून 2024 ला संपला म्हणून कस्टमरला रॉकी लिनक्स 8 हवं होतं. इन्स्टॉलरमध्येच कंट्रोल-अल्ट-एफ2 दाबलं की शेल मिळतं. तिथे एलएसपीसीआय ही जोडलेली कार्डं दाखवणारी कमांड -एनएनके पर्यायासह चालवली. कार्डाची ओळ आली, शेवटी कंसात आकडा 1000:0072. म्हणजे एलएसआयची सॅस 2008 चिप. त्याच्या खाली कुठला ड्रायव्हर वापरात आहे हे सांगणारी ओळ असायला हवी; ती नव्हतीच. कार्ड पीसीआय बसवर हजर आहे पण त्याला वाली कोणी नाही, असा त्याचा अर्थ.

कारण सरळ आहे. रेड हॅटनं आपल्या लिनक्सची आवृत्ती 8 काढताना एमपीटी3सॅस आणि मेगारेड सॅस या डिस्क-कार्डांच्या ड्रायव्हरांच्या यादीतून बऱ्याच जुन्या कार्डांचे आकडे काढून टाकले. मूळ लिनक्स कर्नलमध्ये आधार शिल्लक होता, म्हणून त्याच मशीनवर उबंटूचा पेनड्राइव्ह लावला की डिस्क पटकन दिसतात आणि नवा माणूस आणखीनच गोंधळतो. रॉकी रेड हॅटच्या पावलावर पाऊल टाकतं, त्यामुळे तिथेही तेच. उपाय ईएलरेपो या प्रकल्पाकडे असतो. काढून टाकलेल्या कार्डांचे ड्रायव्हर ते तयार करून ठेवतात, इन्स्टॉल करतानाच चढवता येईल अशा ड्रायव्हर डिस्कच्या रूपातही. दुसरा पेनड्राइव्ह इथे कामी येतो. त्याला ओईएमडीआरव्ही असं लेबल दिलं तर इन्स्टॉलर तो आपोआप उचलतो. नाहीतर बूट ओळीत इन्स्ट डॉट डीडी लिहून दाखवावा लागतो. मात्र ड्रायव्हर डिस्क तुमच्या आयएसओच्या नेमक्या उपआवृत्तीची हवी. 8.9 ची डिस्क 8.10 ला चालेलच असं नाही. आणि इन्स्टॉल झाल्यावर ईएलरेपोचं तेच पॅकेज सिस्टीमवर कायम ठेवा, नाहीतर पुढच्या मोठ्या कर्नल अपडेटनंतर मशीन उठणार नाही आणि फोन तुम्हालाच येईल. रॉकीसारख्याच अल्मा लिनक्सनं 9.4 पासून अशी काही जुनी कार्डं परत आत घेतली आहेत. जुनं हार्डवेअर असेल तर मी हल्ली आधी अल्माच सुचवतो.

प्रोसेसरचंही असंच आहे. रेड हॅट 9 ला एक्स86-64-व्ही2 पातळीचा प्रोसेसर लागतो, 2025 मध्ये आलेल्या 10 ला व्ही3. म्हणजे ई5-2600 व्ही2 मालिकेचे झिऑन, जे सेकंडहँड बाजारात ढिगानं मिळतात, ते 10 साठी बाद. त्यांच्यात व्ही3 पातळीला लागणारी एव्हीएक्स2 ही सोय नाही. ई5-2600 व्ही3 मालिकेपासून पुढचे चालतात. कस्टमरनं मशीन घेण्याआधी तुम्हाला विचारलं तर एवढं तरी सांगा.

आणखी एक फसवं प्रकरण म्हणजे मदरबोर्डावरचं सॉफ्टवेअर रेड. एचपीईचा एस100आय, डेलचा एस140 हे नावाला रेड, काम ड्रायव्हरच करतो. लिनक्सवर त्यांच्या नादी लागू नका. बायॉसमध्ये साटा मोड एएचसीआय करा आणि लिनक्सच्या स्वतःच्या एमडीएडीएमनं मिरर (दोन डिस्कवर तोच डेटा) बांधा. ते कुठल्याही दुसऱ्या मशीनवर डिस्क लावून उघडता येतं.

बूट मोड आधीच ठरवा. नवीन मशीनवर यूईएफआय (बायॉसची नवी पिढी), वाद नको. जुन्या बायॉस मोडमध्ये एमबीआर विभागणी 2 टीबीच्या पुढे जात नाही. 4 टीबीची डिस्क टाकून अर्धी जागा कुठे गेली म्हणून विचारणारे दरवर्षी भेटतात. सिक्युअर बूट (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर चढू देणारी सोय) चालू असेल तर बाहेरचा ड्रायव्हर सहीशिवाय चढत नाही. ईएलरेपोची किल्ली एमओके या मशीनच्या किल्ल्यांच्या यादीत नोंदवा, नाहीतर सिक्युअर बूट बंद ठेवायला कस्टमरची परवानगी घ्या.

नेटवर्कमध्ये सांगण्यासारखं थोडंच. पोर्टाची नावं ईएनओ1, ईएनपी3एस0एफ0 अशी येतात आणि नवं कार्ड खोचलं की त्यातली काही बदलू शकतात, म्हणून प्रत्येक पोर्टाचा मॅक पत्ता (त्याचा न बदलणारा हार्डवेअर क्रमांक) केबलच्या टॅगवर लिहून ठेवा. इंटेलच्या एक्स520 कार्डात दुसऱ्या कंपनीचा एसएफपी मॉड्यूल (केबल जोडायचा छोटा तुकडा) लावला तर ड्रायव्हर पोर्टच नाकारतो. लॉगमध्ये अनसपोर्टेड असं स्पष्ट लिहिलेलं असतं. लॉग न वाचता केबल बदलत बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता आपल्या गावाचा खास विषय, गरमी. मे महिन्यात नागपुरात पारा 45 च्या पुढे जातो आणि एसी बंद पडला की कोणीतरी शहाणा सर्व्हर रूमच्या दारात डेझर्ट कूलर आणून ठेवतो. वाळ्याचा वास येतो, माणसाला बरं वाटतं. सर्व्हरला मात्र ओलावा आणि धूळ दोन्ही मिळतात. आत जाणाऱ्या हवेचं तापमान 18 ते 27 अंश असावं, अशी अॅशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची शिफारस आहे. सर्व्हर स्वतः ते मोजतो. आयपीएमआयटूल या कमांडच्या सेन्सर यादीत इनलेट नावानं आकडा दिसतो. "दुपारी दोननंतर सॉफ्टवेअर स्लो होते जी" अशी तक्रार आली की आधी हा आकडा बघा, मग डीमेसेजमध्ये (कर्नलचा लॉग) प्रोसेसरचा वेग उतरवल्याची ओळ शोधा. डेटाबेसला दोष देणं त्यानंतर.

त्याच आयपीएमआयटूलमध्ये एसईएल म्हणजे हार्डवेअरची घटनावही असते. मेमरीच्या चुका, पॉवर सप्लाय गेला, पंखा थांबला, सगळं तारीखवार. मात्र या वहीची वेळ बऱ्याचदा यूटीसीत असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. रात्री अकराला वीज गेली असेल तर तिथे संध्याकाळी साडेपाच दिसेल आणि वॉचमनशी उगाच वाद होईल. म्हणून पहिल्याच दिवशी मॅनेजमेंट पोर्टालाही एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणं) लावा.

मशीन चालू झाल्यावर हमखास येणारा फोन म्हणजे "रीस्टार्ट केलं, आता उठत नाही". पडद्यावर एखाद्या डिस्कची वाट बघत दीड मिनिटाचं घड्याळ चालतं आणि मग इमर्जन्सी मोड. दहापैकी नऊ वेळा कोणीतरी बॅकअपची यूएसबी डिस्क एफएसटॅबमध्ये (सुरू होताना जोडायच्या डिस्कची यादी) लिहिलेली असते आणि नंतर काढून घरी नेलेली असते. रूटचा पासवर्ड टाकून ती ओळ सुधारा. डिस्क यूयूआयडीनं (तिच्या कायमच्या ओळख क्रमांकानं) लिहा, पर्यायांत नोफेल जोडा, म्हणजे डिस्क नसली तरी मशीन उठेल. पुन्हा इन्स्टॉल करू नका. हे ठळक अक्षरात लिहायला हवं, कारण घाबरलेला फ्रेशर पहिला पेनड्राइव्हच शोधतो.

सराव कसा करायचा, असं बरीच मुलं विचारतात. घरी सेकंडहँड रॅक सर्व्हर आणू नका. पंख्यांचा आवाज आणि विजेचं बिल, दोन्हींवरून घरचे बाहेर काढतील. व्हर्च्युअलबॉक्समध्ये यूईएफआय मोडचं मशीन बनवा, चार खोट्या डिस्क जोडा, एमडीएडीएमचा मिरर बांधा, एक डिस्क काढून टाका, परत जोडा. एफएसटॅब मुद्दाम बिघडवा. इनिटरॅमएफएस (बूट होताना आधी चढणारी ड्रायव्हरांची फाइल) उडवून ड्रॅकट कमांडनं परत बनवा. एक्सएफएस ही फाइल सिस्टीम लहान करता येत नाही, हे स्वतः करून बघा, म्हणजे पुढे विभागणी करताना सगळी जागा एकाच ठिकाणी ओतणार नाही. नोकरी शोधताना नागपूरच्या मिहान प्रकल्पातल्या मोठ्या कंपन्यांकडे डोळे असतातच, त्यात गैर काही नाही. पण तिथे बहुतेक काम पडद्यावरून होतं. हार्डवेअरला हात लावायचा असेल तर सुरुवातीची वर्षं साइटवर पाठवणारी छोटी कंपनी बरी, पगार कमी असला तरी.

काम सोपवण्याआधी, डेटा चढायच्या आत, कस्टमरसमोर एका पॉवर सप्लायची केबल उपसा. मशीन चालू राहिलं पाहिजे आणि इशाऱ्याचा मेल आला पाहिजे. मग मिररमधली एक डिस्क काढा, परत लावा, रीबिल्ड पूर्ण होऊ द्या. दोन्ही पॉवर सप्लाय एकाच एक्स्टेन्शन बोर्डात खोचलेले नाहीत ना, ते वाकून बघा. नागपुरातच काय, कुठेही हे सर्रास सापडतं. एक दुसऱ्या यूपीएसवर टाका. रेड कार्डाची बॅटरी चार्ज आहे का तेही तपासा, कारण ती मेली की कार्ड राइट-थ्रूवर जातं, म्हणजे मधली मेमरी न वापरता थेट डिस्कवर लिहितं, आणि लिहिण्याचा वेग एकदम पडतो. सर्व्हिस टॅग, फर्मवेअरच्या आवृत्त्या, कार्डाचा पीसीआय आकडा आणि पोर्टांचे मॅक पत्ते एका कागदावर लिहून रॅकच्या दाराला आतून चिकटवा, फोटो स्वतःकडे ठेवा, आणि मग सही घ्या.