प्राध्यापकपदाचा अर्ज: टपालाने की ऑनलाइन?

सहायक प्राध्यापकाची जाहिरात आली की आधी विषय आणि आरक्षण पाहिलं जातं, ते साहजिकच आहे. पण अर्ज बाद होतो तो बहुधा खालच्या बारीक अक्षरांतल्या दोन ओळींमुळे: अर्ज कोणत्या मार्गाने द्यायचा आणि कोणत्या तारखेपर्यंत कार्यालयात पोहोचायला हवा. टपालात टाकल्याची तारीख सहसा धरत नाहीत.

अनुदानित महाविद्यालयांचा कारभार अजून कागदावरच जास्त चालतो. अर्ज संस्थेच्या सचिवांच्या किंवा प्राचार्यांच्या नावे, साधारण 15 दिवसांत. राखीव जागा असेल तर एक प्रत विद्यापीठाच्या मागासवर्गीय कक्षाला पाठवायला सांगितलेलं असतं आणि नेमकी हीच प्रत राहून जाते. महाविद्यालय पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाशी संलग्न असेल तर ती केगावला, विद्यापीठाच्या कार्यालयात, स्वतः नेऊन द्या. जाताना पहिल्या पानाची जादा झेरॉक्स न्या आणि तिच्यावर आवक विभागाचा शिक्का, क्रमांक, तारीख घ्या. शिपायाच्या हातात पाकीट देऊन परत येऊ नका.

टपाल किंवा ई-मेल, दोन्ही चालेल असं लिहिलं असेल तर कागदच द्या आणि त्याच दिवशी मेलही करा. छाननी समितीपुढे फाइल ठेवतात. मेलमधली पीडीएफ कुणीतरी छापली तरच तिथे पोहोचते.

विद्यापीठांच्या भरतीत बहुतेकदा निवड करायचीच नसते, दोन्ही करावं लागतं: आधी ऑनलाइन अर्ज, मग त्याची सही केलेली छापील प्रत जोडपत्रांसह. दोन्हींच्या अंतिम तारखा वेगळ्या असतात, त्या दोन्ही लिहून ठेवा. प्रिंट काढायची ती अंतिम सादर केलेल्या अर्जाची, वर अर्ज क्रमांक असलेली. प्रिव्ह्यूची प्रत चालत नाही. छापील प्रतीत पेनाने दुरुस्ती केली की ऑनलाइन नोंदीशी ती जुळत नाही आणि वाद उमेदवाराच्या अंगावर येतो.

शुल्क भरताना पैसे कापले गेले पण पावती आली नाही, तर लगेच पुन्हा भरू नका. व्यवहार क्रमांक टिपून घ्या आणि काही तासांनी स्थिती पाहा. म्हणूनच शेवटची रात्र टाळायची. डीडी मागितला असेल तर त्याची मुदत 3 महिने असते. मागे पेन्सिलीने नाव आणि पद लिहा.

जोडपत्रं अर्जातल्या रकान्यांच्या क्रमानेच लावा आणि पानांना क्रमांक द्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2018 च्या नियमावलीतल्या तक्त्यांत अनुभवाच्या दर वर्षाला 2 गुण आहेत, कमाल 10. वर्ष अपुरं असेल तर त्या प्रमाणात. त्यामुळे तासिका तत्त्वावरच्या अनुभवाचा दाखला ‘पासून–पर्यंत’ तारखांचा हवा. ‘तीन वर्षे काम केले’ एवढ्या मजकुरावरून गुण मोजता येत नाहीत. नेमणुकीचा आदेश आणि विद्यापीठाची मान्यता सोबत लावा.

नोकरीत असाल तर जाहिरात दिसली त्याच दिवशी ना-हरकत दाखल्यासाठी अर्ज टाका. तो वेळेत मिळेलच असं नाही, म्हणून आगाऊ प्रत थेट पाठवा, मूळ अर्ज योग्य मार्गाने, म्हणजे सध्याच्या कार्यालयामार्फत, जाऊ द्या.

अर्ज आणि जोडपत्रं मिळून 100 पानांचा एक संच साधारण अर्धा किलो भरतो. चार-पाच संच मागितले तर साधा खाकी लिफाफा फाटतो. कापडी अस्तराचा घ्या. वर जाहिरात क्रमांक, पद, विषय, प्रवर्ग. 2025 मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे, तरी जुन्या मसुद्यावरून उतरवलेल्या जाहिरातींत ते अजून दिसतं. खासगी कुरिअर मात्र चालेल असं लिहिलेलं असल्याशिवाय वापरू नका.

मुदतीला दोनच दिवस उरले आणि कार्यालय पुण्यात असेल, तर टपालाच्या भरवशावर राहू नका. सोलापूरहून सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने जाऊन अर्ज देता येतो आणि संध्याकाळी त्याच गाडीने परत येता येतं. निघण्याआधी फोन करून त्या दिवशी आवक विभाग उघडा आहे ना आणि हस्ते अर्ज घेतात ना, एवढं विचारा.