टाकाऊ टायर आणि प्लास्टिकपासून इंधन तेल: भट्टी पेटवण्याआधी आणि विझवल्यानंतर

टायर किंवा प्लास्टिक हवेशिवाय तापवलं तर पेट घेत नाही. त्यातल्या लांब साखळ्या तुटून वाफ होते आणि ती थंड केली की तेल मिळतं. हेच पायरोलिसिस. पत्र्याच्या पिंपाला नळी जोडून परसात करण्याचं हे काम नव्हे, त्यात माणसं भाजतात. पुढची माहिती परवानगी घेतलेल्या आणि दाबमापक, तापमापक, सुरक्षा झडप बसवलेल्या बॅच-संयंत्रासाठी (एका वेळी एक घाणा काढणाऱ्या) आहे.

तेलाचा दर्जा निम्म्याहून अधिक निवडणीतच ठरतो. पॉलिथिन, पॉलिप्रोपिलिन आणि पॉलिस्टायरिन चालतं. पीव्हीसी अजिबात नको: ३०० अंशांच्या आतच त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते आणि ती रिअॅक्टरचं, म्हणजे माल तापवायच्या बंद भांड्याचं, पोलाद खाते. पाण्याच्या बाटल्यांचं पीईटीही वगळा. त्यापासून तेल जवळपास मिळत नाही, उलट त्यातली आम्लं घट्ट होऊन नळ्यांत बसतात. ओळखायची सोपी रीत म्हणजे तुकडे पाण्यात टाकणं. पॉलिथिन आणि पॉलिप्रोपिलिन तरंगतात, पीव्हीसी आणि पीईटी बुडतात. पॉलिस्टायरिनही बुडतं (फोम सोडून), म्हणून ते आधीच हाताने वेगळं काढा. शंका असेल तर तांब्याची तार तापवून प्लास्टिकला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. हिरवी ज्योत दिसली तर क्लोरीन आहे. ही चाचणी उघड्यावर करा, धूर विषारी असतो.

टायरची बीड वायर, म्हणजे कडेतली पोलादी तार, आधी ओढून काढा आणि टायरचे ३ ते ५ सेंटिमीटरचे तुकडे करा. माल धुऊन पूर्ण वाळवा. ओल राहिली तर वाफेने दाब उसळतो आणि तेलात पाणी येतं.

रिअॅक्टर दोन-तृतीयांशापर्यंतच भरा, कारण वितळलेलं प्लास्टिक फेसाळून थेट नळीत चढतं. झाकण बंद करून आतली हवा हटवण्यासाठी नायट्रोजन सोडा आणि ऑक्सिजन २ टक्क्यांखाली आल्याशिवाय ताप देऊ नका. मग हळूहळू तापवा. टायरची वाफ साधारण २५० अंशांपासून सुरू होते, बहुतेक तेल ३५० ते ४५० अंशांदरम्यान येतं. ५०० अंशांपलीकडे नेऊ नका, तिथून पुढे तेल कमी होऊन वायू वाढतो.

पॉलिथिनच्या वाफेत मेण असतं. कंडेन्सर (वाफ थंड करणारा भाग) एकदम गार ठेवला की ते नळीतच गोठतं, दाब चढतो आणि सांध्यातून पेटती वाफ बाहेर येते. म्हणून पहिला कंडेन्सर ९० अंशांच्या आसपास आणि दुसरा ३० अंशांवर ठेवा. दाबमापकाचा काटा चढू लागला तर आधी ताप बंद करा. सांधा सैल करून बघू नका.

थंड करूनही तेल न होणारा वायू पाण्याच्या सीलमधून (ज्योत उलटी येऊ न देणाऱ्या पाण्याच्या अडथळ्यातून) नेऊन भट्टीतच जाळा. टायरच्या वायूत हायड्रोजन सल्फाइड असतो, म्हणून तो आधी कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून न्या. वासावर विसंबू नका: प्रमाण वाढलं की नाकाला तो जाणवेनासा होतो. गॅस डिटेक्टर हवाच.

१०० किलो टायरमधून साधारण ४० ते ४५ किलो तेल, ३० ते ३५ किलो काजळी आणि आधी काढलेली बीड वायर धरून १० ते १५ किलो तार निघते, बाकी वायू. निवडलेल्या पॉलिथिनमधून ७० टक्क्यांहून अधिक तेल आणि मेण मिळू शकतं.

सर्वांत जास्त जपायचं ते भट्टी विझल्यावर. रिअॅक्टर गार होताना आत पोकळी होते, सीलमधलं पाणी किंवा बाहेरची हवा ओढली जाते आणि तापलेल्या वाफेचा स्फोट होतो. थंड होईपर्यंत नायट्रोजन चालू ठेवा. ५० अंशांखाली आल्याशिवाय झाकण उघडू नका, कारण गरम काजळी हवा लागताच पेटते. ती ओलसर करून झाकणाच्या लोखंडी डब्यात भरा. काढताना मास्क लावा.

निघालेलं तेल डिझेल नव्हे. टायरच्या तेलात साधारण १ टक्का गंधक असतं आणि हलका भाग खोलीच्या तापमानालाही पेट घेऊ शकतो. गाडीत घातलं तर इंजेक्टर चिकटतात, सील फुगतात. ते गाळून, पाणी खाली बसू देऊन, धूर शुद्ध करणारी व्यवस्था असलेल्या औद्योगिक बर्नरमध्ये वापरा. साठवणीचे पिंप अर्थिंग केलेले असावेत.