पेशीपटलावरचा व्होल्टेज कागदावर कसा काढायचा

कागदावर दोन समांतर रेघा ओढा. हे पेशीपटल. डावीकडे ‘आत’, उजवीकडे ‘बाहेर’. आत पोटॅशियम १४०, बाहेर ५ मिलिमोल प्रतिलिटर. अधिक-उण्याची चिन्हं एवढ्यात काढू नका. वर्गात मी ती सुरुवातीला काढूच देत नाही, कारण या घडीला दोन्ही बाजूंचा हिशेब शून्य आहे: आतल्या पोटॅशियमच्या जोडीला ऋणप्रभारी फॉस्फेट आणि प्रथिनं आहेतच.

आता पटलात एक दार काढा, फक्त पोटॅशियमसाठी. जास्तीकडून कमीकडे, म्हणजे आतून बाहेर, तो निघतो. एक आयन, म्हणजे पोटॅशियमचा एक अधिक प्रभाराचा कण, गेला की बाहेर एक अधिक, आत एक उणे. दोन्ही पटलाला अगदी चिकटून काढा, कारण ते एकमेकांना धरून तिथेच थांबतात. पुढच्या आयनाला हेच उणे मागे खेचतं. जाणारे आणि परतणारे सारखे झाले की व्होल्टेज स्थिरावला.

“मग आतला पोटॅशियम संपत नाही का?” हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतं आणि मला तो फार आवडतो. मोजूनच बघा. पेशीचा व्यास २० मायक्रोमीटर, पटलाची धारिता (प्रभार साठवायची क्षमता) दर चौरस सेंटिमीटरला १ मायक्रोफॅरड. ७० मिलिव्होल्टसाठी सुमारे ५५ लाख आयन बाहेर जावे लागतात. आत आहेत ३५ हजार कोटी. साठ-पासष्ट हजारांतून एक गेला, एवढंच. म्हणून १४० हा आकडा खोडायची गरज नाही.

व्होल्टेज कुठे स्थिरावतो, तो आकडा काढायला नर्न्स्टचं सूत्र. ३७ अंश सेल्सिअसला ६१.५ गुणिले दहाच्या पायाचा लॉग (बाहेर भागिले आत). बाहेरचा आकडा वर. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. ५ भागिले १४० चा लॉग उणे १.४५, म्हणून उणे ८९ मिलिव्होल्ट. सोडियम बाहेर १४५, आत १२. त्याचं उत्तर अधिक ६७. चेतापेशी उणे ७० च्या आसपास असते, कारण थोडा सोडियमही आत झिरपतो.

सोडियम-पोटॅशियम पंप, म्हणजे ऊर्जा खर्चून आयन ढकलणारं पटलातलं प्रथिन, शेवटी काढा. तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. त्याचा थेट वाटा काही मिलिव्होल्टचाच. साठा टिकवणं हे त्याचं खरं काम.

आता बाहेरचे ५ खोडून १० लिहा आणि पोटॅशियमचं गणित पुन्हा करा. उणे ८९ चे उणे ७० होतात. हृदयाच्या पेशीही याच व्होल्टेजवर चालतात; रक्तातलं पोटॅशियम वाढलं की डॉक्टर लगेच ईसीजी (हृदयाच्या विद्युत-हालचालीचा आलेख) का काढतात, ते या एका ओळीत दिसतं.