पायाला प्लॅस्टर आणि पार्कची तिकिटं काढून झालेली : या चुका टाळा

सहल ठरलेली, तिकिटं काढलेली आणि पोरगं सायकलवरून पडून पाय मोडून बसलेलं. अशा वेळी पालकांना धास्ती वाटते ती पाळण्यांची. पाळण्यापाशी ऑपरेटर अडवतोच. दिवसभर खाली लोंबकळणाऱ्या पायाला मात्र कुणी अडवत नाही, आणि संध्याकाळची रडारड बहुतेक त्यापायीच होते.

पाय लोंबता ठेवणे

हाड मोडल्यावर पहिले काही दिवस सूज जास्त असते. पाय खाली राहिला की ती वाढते, पण प्लॅस्टर काही सैल होत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात पार्कचं नावच नको. पुढेही डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. व्हीलचेअर भाड्याने घेताना पाय आडवा ठेवता येईल असा उचलता आधार मुद्दाम मागा, साध्या खुर्चीला तो नसतो. मोठ्यांच्या १८ इंची बैठकीत सात-आठ वर्षांचं मूल एका बाजूला कलतं. १४ इंची मिळाली तर उत्तम, नाही तर दोन्हीकडे उशा लावा. दर तास-दीड तासाने सावलीत सतरंजी टाकून मुलाला आडवं करा आणि पाय दोन उशांवर, छातीपेक्षा उंच, वीस मिनिटं ठेवा.

तेव्हाच बोटं बघा. नख दाबून पांढरं करा. सोडल्यावर दोनेक सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. बोटं गार किंवा निळसर पडली, बधिर झाली, बोट हलकेच वर ओढल्यावर पोटरीत कळ आली, औषध देऊनही दुखणं वाढतच गेलं, तर सहल तिथेच संपवा. प्लॅस्टरच्या आत दाब वाढून स्नायूंचा रक्तपुरवठा तुटत असू शकतो आणि काही तासांत कायमचं नुकसान होतं. अशा वेळी पाय उंच न करता छातीच्या पातळीवरच ठेवा आणि थेट हॉस्पिटल गाठा. पार्क अमरावती रोडवर बाजारगावकडे असेल तर नागपूर शहर साधारण तीस किलोमीटर लांब पडतं. गाडी दारात हवी, नाही तर १०८ लावा. ‘दुखू नये’ म्हणून सकाळीच गोळी देऊन निघणं हीसुद्धा चूकच, कारण धोक्याची पहिली कळ तीच झाकते.

‘प्लॅस्टर फायबरचं आहे, भिजलं तर काय होतं?’

बाहेरचं कवच टिकतं. आतला कापूस भिजला की दिवसेंदिवस ओला राहतो, खालची कातडी पांढरी पडून सोलते आणि वास मारायला लागतो. पॉलिथिन आणि रबर बांधून पूलमध्ये उतरवू नका. विकतची कव्हरंही बहुतेक अंघोळीपुरतीच असतात. वॉटर पार्कचा भाग सरळ वगळा. वरवर शिंतोडे उडाले तर पुसून हेअर ड्रायरची थंड हवा द्या, गरम नको. आतपर्यंत ओल गेली असेल तर त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांना फोन करा. साधं पीओपी (प्लॅस्टर ऑफ पॅरिस) तर पाण्याने मऊच पडतं, आणि नवं असेल तर पूर्ण वाळायलाच दोन-तीन दिवस लागतात.

घामाचंही तेच. नवतपात, म्हणजे मे अखेरीच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत, पंचेचाळीसच्या उन्हात प्लॅस्टर घालून फिरणं म्हणजे खाजेला आमंत्रण, आणि खाज आली की पोरं पट्टी नाही तर विणायची सुई आत खुपसतात. आत जखम झाली तरी बाहेरून दिसत नाही. तारीख बदलून मिळत असेल तर हिवाळा बघा.

ऑपरेटरशी हुज्जत

पाळणा मध्येच बंद पडला तर वरून जिन्याने उतरावं लागू शकतं. मांडीपर्यंतच्या प्लॅस्टरमध्ये गुडघा वाकत नाही, त्यामुळे मांडीवरचा बारही नीट बसत नाही. म्हणून ते नाही म्हणतात. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून त्यात फरक पडत नाही.

फोन न करता जाणे

कमोड आहे का, हा पहिला प्रश्न. लांब प्लॅस्टरवाल्या मुलाला उकिडवं बसताच येत नाही. मग रॅम्प, गाडी गेटपर्यंत येते का, तारीख बदलून मिळते का. वाट गिट्टीची असेल तर पुढची छोटी चाकं रुततात; तिथे खुर्ची वळवून मागे ओढत न्या. कुबड्या असतील तर खालचे रबर बघून घ्या, गुळगुळीत झाले असले तर ओल्या फरशीवर हमखास घसरतात. काखेत दोन-तीन बोटं अंतर राहायला हवं, भार हातांवर.

तिकिटं अजून काढली नसतील तर नागपुरातलं गांधीसागर तलावासमोरचं रमण विज्ञान केंद्र बघा. तारांगणात बसूनच सगळं पाहायचं असतं. २६ जानेवारी २०२१ ला सुरू झालेली गोरेवाडा प्राणिसंग्रहालयाची सफारीही बसमधून होते. फक्त बसच्या पायऱ्या किती उंच आहेत आणि पाय लांब करायला जागा मिळेल का, एवढं आधी विचारून घ्या.