ऋषीच्या भाजीची तयारी, हरतालिकेपासून पंचमीपर्यंत

ऋषीपंचमीला करतात त्या ऋषीच्या भाजीला फोडणी नाही, मसाला नाही, कांदा-लसूण नाही. तेलसुद्धा नाही. चव सावरून घ्यायला हाताशी काही उरतच नाही, त्यामुळे भाज्या ताज्या हव्यात आणि पातेल्यात पडण्याचा त्यांचा क्रम चुकता कामा नये. त्यात पंचमी येते गणपती बसल्याच्या दुसऱ्याच दिवशी. आदला अख्खा दिवस मोदकांत गेलेला असतो. म्हणून तयारीला हरतालिकेपासून लागायचं.

आधी आपल्या घरचा नियम कोणता ते वडीलधाऱ्यांना विचारून घ्यायचं. मूळ धरून चालायचं ते एवढंच, की या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. नांगरलेल्या शेतातलं धान्य नाही, आणि घाण्याला बैल जुंपत म्हणून तेल नाही. परसात, कुंपणाशी, हाताने लावलेलं जे उगवतं ते खायचं. श्रावण अमावास्येला पोळ्याला बैलाची पूजा झाली की पाचव्या दिवशी हे व्रत येतं. मला या दोन दिवसांची सांगड फार मोलाची वाटते. आमच्याकडे घरचं लोणी चालतं, काही घरांत तेही नाही. भाजीसोबत वरीचे तांदूळ चालतात असं मानणारी घरं पुष्कळ आहेत. चालत असतील तर किराण्याच्या यादीत अर्धा किलो वरी आताच लिहून ठेवा.

बाजार हरतालिकेच्या सकाळी. चतुर्थीला भाजीवालीसमोर उभं राहायला जागा नसते आणि भावही चढलेले असतात. दादरसारख्या बाजारात ऋषीच्या भाजीचे तयार वाटे मिळतात. घाई असेल तर घ्या, पण त्यातलं अळू निवडून पाहा. आठ माणसांना मी घेते ते असं: भाजीच्या अळूच्या दोन जुड्या (काळपट देठाचं वडीचं अळू नको), जाड देठांच्या लाल माठाची एक जुडी, सुरण आणि लाल भोपळा पाव-पाव किलो, एक कोवळं शिराळं, एक लहान पडवळ, दहाबारा भेंड्या, एक कच्चं केळं, दोन कणसं, पाव किलो ओल्या भुईमुगाच्या शेंगा. मिळाले तर चार अंबाडे. शिवाय अर्धा नारळ, सहा-सात हिरव्या मिरच्या आणि लिंबाएवढा चिंचेचा गोळा. एकेक भाजी थोडीच घ्यायची. वीस प्रकार गोळा करायची चढाओढ करू नये. नऊ-दहा चांगल्या भाज्यांत ताट भरतं.

कणसाचा दाणा नखाने टोचून दूध येतं का ते बघा. अधिक महिना आधी होऊन गेला की पंचमी उशिरा येते, २०२६ ची तर १५ सप्टेंबरला आहे, आणि तोवर कणसं जून झालेली असू शकतात. परदेशात असाल तर भारतीय दुकानातली गोठवलेली अळूची पानं चालतात; लाल भोपळ्याऐवजी बटरनट घ्या.

चतुर्थीच्या रात्री, आरती झाल्यावर, टिकणारी कामं उरकायची. शेंगा सोलून दाणे काढायचे, कणसांचे दोन-दोन इंचांचे तुकडे करायचे, भोपळा चिरून झाकून ठेवायचा, नारळ खवायचा, चिंच भिजत घालायची. अळू आणि माठ धुऊन, निथळून, सुती कापडात गुंडाळून ठेवायचे. चिरायचे मात्र सकाळी. भेंडी आणि केळंही सकाळीच.

आता अळू. सासूबाईंनी मला हे शेजारी बसवून शिकवलं. हात कोरडे हवेत, वर कोकमाचं आगळ चोळलेलं. देठाच्या टोकाशी नखाने साल धरायची आणि खाली ओढायची. पातळ पापुद्रा देठभर सरसर सुटून येतो आणि आतला ओलसर, जाळीदार गर दिसतो. पापुद्रा मध्येच तुटला तर दुसऱ्या टोकाने धरा. सुरणाची साल जाडच काढायची, फोडी मोठ्या ठेवायच्या आणि चिंचेच्या पाण्यात पंधरा मिनिटं बुडवायच्या. या दोघांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, खाज त्यांचीच. एका वर्षी मी अळू पालकासारखं शेवटी घातलं, दहा मिनिटं शिजवलं आणि पहिल्या घासाला सगळ्यांचा घसा धरला. घरात पाहुणे होते. तेव्हापासून अळू माझ्याकडे सुरुवातीलाच पातेल्यात जातं.

क्रम असा. जाड बुडाच्या पातेल्यात आधी कणसाचे तुकडे, दाणे, सुरण, अळूचे आणि माठाचे देठ, चिरलेलं अळू, अंबाडे आणि बुडतील इतकं पाणी. वर ताट, ताटात पाणी, मंद आच. वीस-पंचवीस मिनिटांनी दाणा चिमटीत दबला की उरलेला चिंचेचा कोळ, मोडलेल्या मिरच्या आणि मीठ. आंबट आधी ओतलं तर दाणे शिजता शिजत नाहीत. मग भोपळा, केळं, पडवळ, शिराळं, माठाची पानं. भेंडी सगळ्यात शेवटी. आणखी पंधरा मिनिटं. डाव हलक्या हाताने फिरवायचा, भोपळ्याच्या फोडी दिसायला हव्यात. कुकरची सवय असेल तर फक्त पहिला घाणा दोन शिट्ट्यांवर काढा, बाकीचं उघड्यावरच. उतरवायच्या आधी खोबरं आणि लोण्याचा गोळा. खोबरं घातल्यावर एकच उकळी.

रस अंगाबरोबर ठेवायचा. भाजी निवताना आळते, म्हणून गरम असताना थोडी सैल वाटली तरी पाणी आटवत बसू नका. नैवेद्य काढल्यावर तासभर मुरू द्या. तेवढ्यात अळूचा गर, भोपळ्याचा गोडवा आणि चिंच एकजीव होतात. तोवर वरी शिजवून घ्यायची.

पानं वाढताना प्रत्येकाला कणसाचा एक तरी तुकडा आला का ते मोजा, मुलं त्यावरून भांडतात. आणि चोखून झालेली बुरकुंडं टाकायला पंगतीत दोन रिकाम्या वाट्या ठेवा.