शुभंकरांचा गट कसा चालवावा : नव्या समुपदेशकांसाठी

गट चालवायला नव्याने शिकणाऱ्या समुपदेशकाकडून एक चूक हमखास होते, आणि ती करताना तो इतका मन लावून काम करत असतो की ती चूक आहे हे त्याच्या ध्यानातही येत नाही. दहा माणसे गोलात बसलेली असतात. समुपदेशक त्यांच्यापैकी एकाशी पंधरा मिनिटे बोलतो, मग दुसऱ्याकडे वळतो, मग तिसऱ्याकडे, आणि बाकीची माणसे दवाखान्यात नंबर लागण्याची वाट पाहावी तशी बसून राहतात. हा गटोपचार नव्हे. हे चारचौघांसमोर केलेले वैयक्तिक समुपदेशन झाले. गटाचे खरे काम सदस्य एकमेकांच्या उपयोगी पडू लागतात तेव्हा सुरू होते. ते कसे घडवून आणावे, हे स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरसारखा दीर्घकाळचा मानसिक आजार असलेल्या माणसाची घरी काळजी घेणाऱ्यांच्या गटाच्या आधारे येथे सांगते. महाराष्ट्रातल्या अनेक स्वमदत गटांत अशा काळजी घेणाऱ्याला शुभंकर आणि आजारी माणसाला शुभार्थी म्हणतात. ‘पेशंटचे नातेवाईक’ या शब्दांत जी दुय्यम जागा आहे ती ‘शुभंकर’मध्ये नाही, म्हणून मला हा शब्द मोलाचा वाटतो.

या पद्धतीची पाळेमुळे मनोविकारांच्या बाहेरची आहेत. बॉस्टनमधील डॉ. जोसेफ प्रॅट यांनी १९०५ मध्ये गरीब क्षयरोग्यांना पथ्यपाणी शिकवण्यासाठी आठवड्याला एक वर्ग सुरू केला, आणि त्यांच्या लक्षात आले की रोग्यांना परस्परांच्या सोबतीने जी उभारी मिळते तीही उपचाराचाच भाग आहे. आपल्याकडे अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५०च्या दशकात रुग्णांच्या घरच्यांना आवारात तंबू ठोकून राहायला लावले आणि कुटुंबांना एकत्र बसवून आजार समजावून सांगितला. कुटुंब हे उपचारातले भागीदार आहे, हा विचार भारतात अशा प्रयोगांतून रुजला. पुढे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ अर्विन यालोम यांनी गटातून बरे वाटण्याची ११ कारणे मांडली. त्यांतली दोन शुभंकरांच्या गटात अगदी पहिल्या दिवसापासून दिसतात : ‘हे फक्त माझ्याच घरात नाही’ ही जाणीव, आणि दुसऱ्याला मदत करता आल्याचे समाधान.

गट सुरू करण्यापूर्वी प्रत्येक इच्छुकाला एकट्याने भेटा, निदान अर्धा तास. घरी कोण आजारी आहे, उपचार चालू आहेत का, गटाकडून काय हवे आहे, हे विचारा, आणि गटात काय होते व काय होत नाही तेही सांगा. जो माणूस स्वतः या घडीला तीव्र नैराश्यात आहे किंवा घरातल्या ताज्या मृत्यूने कोसळला आहे, त्याला आधी वैयक्तिक मदत मिळू द्या. सदस्य आठ-दहा असावेत. पाचांपेक्षा कमी असले तर एका गैरहजेरीनेही बैठक ओकीबोकी होते, आणि बारांच्या पुढे गेले की अबोल माणसे कायमची गप्प होतात. एकाच घरातली दोन माणसे सुरुवातीला एका गटात घेऊ नका, कारण सासऱ्यांच्या देखत सून आपला थकवा बोलून दाखवत नाही. बैठक दीड तासाची, ठरल्या वारी, ठरल्या वेळी. शुभार्थीला घरी एकटे ठेवता येत नाही ही शुभंकरांची सर्वांत मोठी अडचण असते, तेव्हा वेळ ठरवताना त्या वेळात घरी कोण थांबू शकेल हे आधी विचारा. खुर्च्या गोलात ठेवा, मध्ये टेबल नको. चहा बैठकीनंतर द्या. मध्येच कप फिरू लागले की एखाद्याच्या तोंडी आलेले वाक्य तिथेच राहते.

गोपनीयतेबद्दल ‘इथले इथेच राहील’ एवढे सांगून भागत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने शुभार्थीला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, पण गटातले शेजारी-पाजारी त्या कायद्याने बांधलेले आहेत असे समजू नका. तिथे गटाने स्वतः केलेला करारच कामी येतो. तालुक्याच्या गावात तर सदस्य एकमेकांना बाजारात भेटणारच. म्हणून पहिल्याच बैठकीत प्रसंग घेऊन ठरवा : लग्नात भेट झाली तर ओळख कुठली सांगायची, घरी गेल्यावर काय सांगायचे. व्हॉट्सॲप ग्रुप केलाच तर तो फक्त वेळ आणि जागा कळवण्यापुरता ठेवा. फोटो नकोत, कुणाच्या घरची हकिकत नको आणि औषधांची नावे तर मुळीच नकोत.

आता मुख्य कौशल्याकडे वळू. एखादी आई सांगते, ‘मुलगा औषध घेत नाही, म्हणून मी गोळी कुटून आमटीत घालते.’ नवा समुपदेशक इथे लगेच चूक दुरुस्त करायला धावतो. असे करू नका. तिला आधी पूर्ण बोलू द्या आणि मग गटाकडे वळून विचारा, ‘औषध न सांगता देण्याची वेळ आणखी कुणाच्या घरी आली आहे?’ बहुतेक वेळा दोन-तीन हात वर होतात. कुणी सांगेल की मुलाला ते कळले आणि त्याने घरचे जेवणच सोडले. कुणी सांगेल की डॉक्टरांशी मोकळेपणी बोलल्यावर महिन्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनचा मार्ग निघाला. त्या आईला तुमच्या तोंडून जे दोषारोपासारखे वाटले असते तेच आता अनुभव म्हणून ऐकू येते. त्यानंतर तुमचे काम उरते ते नेमकी माहिती पुरवण्याचे : काही गोळ्या पोटात हळूहळू विरघळाव्यात अशा बनवलेल्या असतात, त्या कुटल्या तर सगळी मात्रा एकदम अंगात जाऊ शकते, म्हणून ही गोष्ट उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगितलीच पाहिजे. क्रम महत्त्वाचा आहे : आधी अनुभव, मग माहिती.

सल्ल्यांचा पूर मात्र अडवावा लागतो. आपल्या गटांत दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीपर्यंत काका, ताई, दादा अशी नाती जुळतात; त्यातून जिव्हाळा येतो, पण वयाचा अधिकारही येतो, आणि मोठे काका धाकट्या ताईला ‘तुम्ही असे करा’ म्हणू लागतात. त्यांना थोपवताना मान राखावा. ‘काका, तुमच्या घरी हे झाले तेव्हा तुमचे काय झाले होते, ते सांगाल का?’ एवढ्या प्रश्नाने उपदेशाचे निवेदन होते. कुणी अंगारा-धुपारा किंवा देवऋषीकडे जाऊन आल्याचे सांगितले तर वाद घालू नका. तिथे कोणत्या आशेने गेलात आणि त्या काळात औषधे चालू होती का, हे विचारा. शांतता पसरली तर ती भरून काढू नका. नवशिक्याला अर्धे मिनिटही फार मोठे वाटते, पण अवघड वाक्य बहुधा त्याच अर्ध्या मिनिटानंतर येते. कुणी रडू लागले तर ‘रडू नका’ म्हणू नका. थांबा, आणि मग हलकेच विचारा की हे ऐकताना बाकीच्यांना काय वाटते आहे.

बोलता बोलता एखादा शुभंकरच म्हणाला, ‘कधी वाटते, सगळे संपवून टाकावे,’ तर ते वाक्य गटात विरून जाऊ देऊ नका. तिथेच दखल घ्या आणि बैठक संपल्यावर त्यांच्याशी एकट्याने बोला. आत्महत्येचा विचार येतो का, तो किती दिवसांपासून येतो, काही ठरवले आहे का, हे स्पष्ट शब्दांत विचारा. अशा विचारण्याने विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. धोका जाणवला तर घरच्या विश्वासू माणसाला आणि मनोविकारतज्ज्ञांना त्याच दिवशी सामील करून घ्या. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक सदस्याकडे लिहून दिलेला असावा.

शिकणाऱ्याने पहिले काही महिने एकट्याने गट घेऊ नये. सुरुवातीच्या तीन-चार बैठकांत अनुभवी चालकाशेजारी बसून कागदावर सदस्यांची नावे गोलात लिहावीत आणि कोण कुणाशी बोलले याचे बाण काढावेत. अर्थात गटाला हे आधी सांगून. सगळे बाण चालकाकडे येत असतील तर वर सांगितलेली चूक कागदावर दिसते. सहाव्या-सातव्या बैठकीपर्यंत बाण सदस्यांमध्ये फिरू लागले पाहिजेत. बैठकीनंतर दोघांनी वीस मिनिटे थांबून, कुणाच्या बोलण्याने आपल्याला राग आला, कुणाला वाचवावेसे वाटले, याची नोंद करावी. पर्यवेक्षण, म्हणजे आपल्या कामाकडे अनुभवी माणसाबरोबर पुन्हा पाहणे, हेही गटात करावे. मनोविश्लेषक मायकेल आणि एनिड बॅलिंट यांनी १९५०च्या दशकात लंडनमध्ये डॉक्टरांसाठी सुरू केलेली आणि पुढे घडत गेलेली रीत मला सर्वांत फलदायी वाटते : एकाने टिपणे न बघता एक प्रसंग सांगायचा, मग खुर्ची थोडी मागे घेऊन गप्प बसायचे, आणि बाकीच्यांनी उपाय न सुचवता त्या प्रसंगात सांगणारा आणि समोरचा माणूस यांच्यात दिसलेल्या नात्याबद्दल बोलायचे. आपल्याबद्दलचे बोलणे ऐकत गप्प बसणे किती जड जाते हे स्वतः अनुभवल्यावरच, गटातल्या सदस्याकडून आपण काय मागतो आहोत, हे शिकणाऱ्याला उमगते.

कुणी गट सोडणार असेल तर त्याने निदान एका बैठकीला येऊन निरोप घ्यावा, असे सुरुवातीलाच ठरवून ठेवा. काही न सांगता येणे थांबले तर फोन करा, आणि पुढच्या बैठकीत त्यांची खुर्ची उचलू नका. त्या रिकाम्या खुर्चीबद्दल गटाला बोलू द्या, आणि नवा सदस्य त्यानंतरच घ्या.