रोबो ब्रेकआउट शिकत नव्हता : माझा अनुभव

मांडणी साधी: एमुलेटरवर (जुने गेम संगणकावर चालवणारं सॉफ्टवेअर) ब्रेकआउट, म्हणजे पॅडलनं चेंडू परतवून विटा फोडायचा गेम; समोर वेबकॅम, की दाबायला एसजी90 सर्वो (दांडा फिरवणारी छोटी मोटर). कॅमेऱ्यातलं चित्र बघून कुठली की दाबायची हे मॉडेल, म्हणजे शिकणारा प्रोग्राम, मिळालेल्या बक्षिसावरून (गुणांवरून) शिकतं. रात्रभर सराव होऊनही स्कोअर हलत नसेल तर कोडला नंतर हात लावा, आधी उशीर मोजा. हुकूम सुटल्यापासून कॅमेऱ्यात पॅडल हललेलं दिसेपर्यंत 200 मिलिसेकंद जात होते. गेम सेकंदाला 60 फ्रेमचा (फ्रेम म्हणजे एक चित्र), म्हणजे 12 फ्रेम मागं! चेंडू केव्हाच पुढं गेलेला, अन् बक्षीस भलत्याच चालीला चिकटतं. म्हणून सर्वोचा दांडा कीपासून 1 मिलिमीटरवर आणला, निर्णय दर 6 फ्रेमला एक केला आणि मॉडेलला चित्रासोबत शेवटच्या 3 चालीही दिल्या. खरा फरक त्यानंच पडला.

सर्वो आर्डुइनोच्या (सर्वोला हुकूम देणारा छोटा बोर्ड) 5 व्होल्ट पिनवर चालवू नका, झटक्याला बोर्ड रिसेट होतो. वेगळा 5 व्होल्ट 2 अँपिअरचा चार्जर लावा. ग्राउंड (उणे तार) मात्र बोर्ड आणि चार्जर दोन्हींचा एकच.

ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकत असतील तर कॅमेऱ्याचं ऑटो एक्स्पोजर (प्रकाश घ्यायचा वेळ आपोआप बदलणं) बंद, तो वेळ 1/50 सेकंद कायम. आपली वीज 50 हर्ट्झची, ट्यूबलाइट त्याच तालात लुकलुकते.

चेंडू गेल्यावर नवा चेंडू सोडणारी स्पेस की कोडनंच दाबावी, नाहीतर रोबो गप्प बसायला शिकतो. आणि खानापूरकडं पावसाळ्यात लाइट कधी जाईल नेम नाही. मॉडेल दर 10 मिनिटांनी सेव्ह करा.